एका तोळ्याची गोळी

भाचा रविवारी डोंबिवलीहून जेवायला आला तो प्रश्न घेऊनच. चपला काढायच्या आधी दारातूनच म्हणाला, "मामा, टारगेटच्या गोळीला टोकाशी भोक का असतं? भोकवाली गोळी शिकारीची ना?"

पोरगा दोन वर्षं दहा मीटर एअर रायफल मारतोय. बरा मारतो. पण रात्री जागून बघतो ते व्हिडिओ अमेरिकेतले. कुणीतरी आपल्या गॅरेजात बसून काडतुसं भरतंय, समोर गोळ्यांच्या पंचवीस डब्या, प्रत्येकीवर वेगळं वजन, वेगळी अक्षरं, वेगळा आकार. आमच्याकडे गॅरेज नाही. बाल्कनी आहे, तिच्यात वॉशिंग मशीन आणि तुळस. तरी प्रश्न चांगला होता. मटण शिजेपर्यंत मी उत्तर देत राहिलो, हात धुतल्यावरही ते संपलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणाला भलताच उत्साह यायचा. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरी बसून काडतुसं भरणं हा आपल्याकडे छंद नाही, गुन्हा आहे. आणि शिकारीचा शौक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपवला, ते बरंच झालं. तेव्हा पुढचं बरंचसं परमुलखातल्या नेमबाजांचं आणि शिकाऱ्यांचं शास्त्र आहे. पण त्यातला विचार वरळीच्या रेंजवर पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या इवल्या शिशाच्या गोळ्यांची, डबी उघडणाऱ्या पोरालाही जसाच्या तसा लागू पडतो. तिकडे मी शेवटी येतो.

आता भोक.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळी केस, तिच्या बुडाशी प्रायमर म्हणजे जुन्या भाषेतली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त जी उडून जाते ती. मोठ्या रायफलची गोळी बहुधा शिशाची असते आणि तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच असतं. हे कवच सुरुवातीला वाटीसारखं असतं, एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडं. सगळी गंमत वाटीचं तोंड कुठे ठेवायचं यात आहे.

सैनिकाच्या साध्या गोळीत वाटीचं बूड पुढे येतं, तेच टोक होतं. शिसं मागून भरतात आणि मागची कड दुमडतात. नेमबाजीच्या गोळीत उलट करतात. वाटीचं बूड मागे ठेवायचं, शिसं पुढून घालायचं, मग कडा साच्यात दाबत दाबत टोकाकडे निमुळत्या आणायच्या. घरी मोदक वळताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल: पारी, सारण, मग कळ्या गोळा करत वर न्यायच्या. मोदकाची शेंडी चिमटीनं मिटते. गोळीची पूर्ण मिटत नाही, बारीक छिद्र उरतं. भाच्याला दिसलेलं भोक ते. कुणी मुद्दाम पाडलेलं नाही, कळ्या जिथे संपल्या ती जागा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर गोळीचं बूड नीट यावं म्हणून. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा सगळ्यात शेवटी बाहेर येतं ते बूड, आणि त्याच क्षणी मागचा दाबलेला वायू चहूबाजूंनी सुटतो. बूड एका अंगाला जरासं वाकडं असेल तर वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला निघता निघता धक्का देतो. लांब गेल्यावर हाच धक्का बोटभर, वीतभर होतो. टोकावर थोडा ओरखडा असला तर त्या मानानं काही बिघडत नाही. आपल्याला वाटतं टोक महत्त्वाचं, कारण डोळ्यांना टोक दिसतं.

शिकारीच्या गोळीचं तोंड मात्र खरोखर उघडण्यासाठी केलेलं असतं. तिथे शिसं टोकाशी उघडं ठेवतात किंवा भोक रुंद करतात, म्हणजे जनावराच्या अंगात शिरल्यावर गोळी छत्रीसारखी फुलते. या प्रकाराचं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव आपल्याच देशातलं आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले या अधिकाऱ्यानं .३०३ या लष्करी रायफलच्या गोळीचं शिसं टोकाशी उघडं ठेवलं, तीच 'दमदम' गोळी. १८९९ साली हेगच्या परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं जाहीरनाम्यानं ठरलं. गंमत अशी की जी गोळी लढाईत क्रूर ठरली, तीच शिकारीत दयाळू मानतात. आरपार भोक पाडून जाणारी टणक गोळी जनावराला जखमी करून पळवते आणि ते रानात दोन दिवस तडफडतं. फुलणारी गोळी जागीच संपवते.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, डब्या बघायच्या आधी एकच विचार. प्रवासाच्या शेवटी गोळीनं काय करायचंय? कागदाला भोक पाडायचं असेल तर ती फुलली काय, फुटली काय, फरक पडत नाही. फक्त दर वेळी त्याच जागी जायला हवी. जनावर असेल तर 'त्याच जागी' या हट्टाला थोडी मुरड घालता येते, पण पोचल्यावर तिनं नेमून दिलेलं काम करायलाच हवं. एकच गोळी दोन्ही कामं उत्तम करेल अशी अपेक्षा म्हणजे एकाच चपलेवर लग्नालाही जायचं आणि राजगडही चढायचा. नेमबाजीच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली सिएरा कंपनी तर आपल्या मॅचकिंग गोळ्या शिकारीला वापरू नका असं स्वतःच सांगते. त्या अंगात शिरून कधी फुटतात, कधी पेन्सिलीसारख्या आरपार जातात, काही भरवसा नाही.

मग वजन. डब्यांवर वजन 'ग्रेन'मध्ये लिहितात. नवख्याला वाटतं हे दारूचं माप, पण ते गोळीचं वजन. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, ७००० ग्रेनचा एक पौंड. भाच्याला हे आकडे पटकन गिळता येईनात, तेव्हा त्याची आजी मदतीला आली. माझ्या आईचे वडील झवेरी बाजारात कारागीर होते, तिला गुंजा-मासे-तोळे अजून तोंडपाठ आहेत. १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचाच, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजचा सराफ सोयीसाठी दहा ग्रॅमलाही तोळा म्हणतो, तो वेगळा. तेव्हा १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर जुना एक तोळा. १६८ ग्रेनची त्याहून मासाभरही कमी नाही. आमच्या बिचाऱ्या .२२ ची ४० ग्रेनची गोळी पाव तोळाही भरत नाही. आणि एअर रायफलचा ०.५३ ग्रॅमचा पेलेट? "चार-साडेचार गुंजा," आईनं भाकरी थापता थापता हिशेब दिला.

जाडीच्या आकड्यांतही असाच घोळ. .३०८ इंच म्हणजे ७.८२ मिलिमीटर. ही गोळी '७.६२'च्या नळीतून जाते कशी? नळीच्या आतून आटे कापलेले असतात, थोडे उंच, थोडे खोल, लांबलचक मळसूत्रासारखे. ७.६२ हे उंच भागांमधलं अंतर. गोळी त्याहून जाड, म्हणून दाबली जाऊन आट्यांत रुतते आणि फिरत फिरत बाहेर पडते. डबी निवडताना गोळीचा खरा व्यास बघायचा, काडतुसाच्या नावातला आकडा नाही. नावं बहुधा जाहिरातीसाठी पडलेली असतात.

आता जे या लेखात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. गोळी माणूस निवडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर नळी निवडते.

गोळी फिरत जायला हवी हे सगळ्यांना माहीत असतं. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, गती कमी झाली की डोलतो आणि आडवा होतो. गोळीचं तसंच. आट्यांचा पीळ 'बारा इंचात एक फेरा', 'आठ इंचात एक फेरा' असा मोजतात. बारा इंची पिळाच्या नळीतून सेकंदाला ८०० मीटरनं निघालेली गोळी सेकंदाला सव्वीसशेच्या वर गरके घेत असते. प्रश्न असा, की कुठल्या गोळीला किती गरके लागतात?

इथे दहातले आठ जण म्हणतात, जड गोळीला जास्त. तोंडानं बोलायला हे ठीक आहे, पण खरं कारण वजन नाही, लांबी आहे. बुटका रुंद भोवरा सहज तोल धरतो. उंच काठीसारखा भोवरा करून बघा, दुप्पट जोरानं फिरवला तरच उभा राहील. व्यास तोच ठेवून वजन वाढवायचं तर गोळी लांबच होणार, म्हणून जड गोळीला जास्त पीळ लागतो एवढंच. १८७९ साली आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं यासाठी एक सोपा ठोकताळा दिला. व्यासाचा वर्ग करा, १५० नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा, सगळं इंचात. .३०८ व्यासाची, १.२ इंच लांब गोळी घेतली तर उत्तर येतं ११.८६. म्हणजे बारा इंची पिळाच्या नळीत ती जेमतेम बसते. तीच गोळी १.४ इंच लांब केली तर सुमारे दहा इंची पीळ लागतो. आज याहून नेमकी सूत्रं आहेत, पण पाटीवर करता येण्यासारखं हेच.

यातून अडचण कुठे येते बघा. .२२३ च्या जुन्या बारा इंची नळीतून ५५ ग्रेनची गोळी झकास जाते. त्याच नळीत ७७ ग्रेनची लांबोडी गोळी घातली की कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट चीर पडते. गोळी आडवी होऊन कागदावर आपटलेली असते. गोळी उत्तम, रायफल उत्तम, दोघांची पत्रिका जुळली नाही. तिला आठ किंवा सात इंची पीळ हवा. तांब्याच्या अखंड गोळ्यांचीही हीच गोष्ट. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. डबीवर दोन्हींना '१५० ग्रेन'च लिहिलेलं असतं आणि माणूस फसतो. म्हणून नवी गोळी घ्यायची तर आधी आपल्या नळीचा पीळ माहीत हवा. तो साफसफाईच्या गजाला चिंधी बांधून, गजावर खूण करून, एक फेरा पूर्ण व्हायला गज किती आत गेला ते मोजून काढता येतो. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, हे सांगायला नकोच.

हवेचा भाग. पावसाळा संपता संपता बेस्टच्या बसची मागची काच बघा, पुढच्या काचेपेक्षा कितीतरी जास्त चिखलानं माखलेली असते. बस पुढे गेली की मागे पोकळी होते आणि ती धूळ-चिखल आत ओढते. तीच पोकळी बसलाही मागे ओढत असते. गोळीच्या सपाट बुडामागेही असंच होतं. म्हणून लांब पल्ल्याच्या गोळीचं बूड निमुळतं करतात, विटीसारखं दोन्हीकडून बारीक. इंग्रजीत त्याला होडीच्या शेपटीची उपमा देतात आणि आपल्याकडचे नेमबाजही 'बोटटेल' असंच म्हणतात. पुढून सुईसारखं टोक, मागून बोटटेल, वजन भरपूर: अशी गोळी वेग कमी गमावते, वारा तिला कमी ढकलतो.

हे एका आकड्यात सांगायला बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे नेमबाजांच्या तोंडी 'बीसी', वापरतात. जितका मोठा तितकी गोळी हवेला कमी दाद देते. पण हा आकडा कुठल्या नमुन्याशी तुलना करून काढला ते बघावं लागतं. जी-वन नावाचा नमुना जुन्या सपाट बुडाच्या गोळ्याचा, जी-सेव्हन हा लांब, बोटटेल आकाराचा. जी-वनमध्ये ०.४५ च्या आसपास दाखवणारी गोळी जी-सेव्हनमध्ये ०.२२-०.२३ दाखवते. गोळी तीच. कंपन्या मोठा आकडा ठळक छापतात यात नवल नाही, साबणाच्या वडीवर 'मोफत' किती मोठं छापतात आठवा.

आणि खरं सांगायचं तर १०० मीटरवर बीसीची काळजी करणं म्हणजे दादरहून माटुंग्याला जायला विमानाचं तिकीट काढणं. जवळच्या अंतरावर टेबलावर रायफल टेकवून इवलेसे ग्रुप, म्हणजे एकाला एक लागून भोकांचे झुबके, मारायची जी स्पर्धा असते, बेंचरेस्ट, तिथले चांगले चांगले लोक सपाट बुडाच्या, आखूड, हलक्या गोळ्याच पसंत करतात. सपाट बूड एकसारखं बनवणं सोपं, आणि एकसारखेपणा हेच तिथे सगळं. तीनशे मीटरपासून बोटटेलचा फायदा दिसायला लागतो. सिएराची १६८ ग्रेनची मॅचकिंग या तीनशे मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारासाठी तयार झाली आणि तिथे तिनं नाव काढलं. लोकांनी तीच हजार यार्डांवर नेली, तिथे मात्र वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरता उतरता ती डळमळायला लागली. तिच्या बुडाचा उतार जरा जास्तच तिरका आहे. गोळीचा दोष नाही, तिला तिच्या गावाबाहेर नेली.

शिकारीच्या गोळ्यांबद्दल मी कमी बोलतो, कारण मी कधी जनावरावर नेम धरलेला नाही. पण तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. फुलणाऱ्या गोळीची अडचण अशी की ती किती वेगानं जाऊन धडकते यावर फुलणं ठरतं. जवळून, फार वेगात लागली तर कातडीपाशीच फुटून विखुरते, खोल जात नाही. लांबून, मंदावून लागली तर फुलतच नाही. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला मूस या दांडग्या हरणावर हाच अनुभव आला. त्यानं गोळीच्या मध्ये तांब्याचा पडदा घातला. पुढचा कप्पा फुलतो, मागचा तसाच राहून खोल जातो. पुढे कुणी शिसं कवचाला डाग दिल्यासारखं चिकटवलं, कुणी शिसंच काढून अखंड तांब्याची गोळी केली. या तांब्याला आता कायद्याचाही जोर आहे. शिशाच्या गोळीचे कण मारलेल्या जनावरात राहतात, ते खाऊन गिधाडं मरतात. कॅलिफोर्नियात कॉंडर नावाच्या महाकाय गिधाडासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. आपल्याकडची गिधाडं गुरांच्या औषधानं गेली, पण एकूण गिधाडाच्या ताटात काय पडतं याकडे माणसाचं लक्ष उशिरानंच जातं.

आपल्याकडे लायसन्सवाल्यांच्या घरी जी .३१५ ची रायफल दिसते, तिच्या गोळीत निवडीचा प्रश्नच येत नाही. लष्करी .३०३ सामान्यांच्या हाती नको म्हणून आलेलं हे काडतूस, सरकारी कारखान्यातून जी गोळी येते ती घ्यायची. दारूगोळ्याचे कारखाने मात्र महाराष्ट्रात जुने आहेत, खडकीचा १८६९ चा, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावचा.

काडतूस स्वतः भरणाऱ्यांनी पाळायचा एक नियम मात्र भाच्याला दोनदा सांगितला, कारण व्हिडिओत तो घाईत निघून जातो. गोळी बदलली की दारूचं जुनं माप आपोआप लागू होत नाही, वजन अगदी तेच असलं तरी. लांब गोळी केसमध्ये जास्त आत शिरते, दारूला जागा कमी उरते, दाब चढतो. नळीच्या आट्यांना घासणारी तिची बाजू लांब असली तर आणखी चढतो. गोळी आट्यांना टेकवून बसवली तर आणखी. म्हणून शहाणी माणसं त्याच गोळीसाठी छापलेला तक्ता घेतात, सगळ्यात खालच्या मापापासून सुरू करतात. शेजाऱ्याची पाककृती इथे चालत नाही. मीठ जास्त झालं तर आमटी बिघडते, इथे डोळे जातात.

आता वरळी.

माझी नेमबाजी एनसीसीत सुरू झाली, .२२ वर, आणि त्यापुढे गेली नाही. .२२ मध्ये काडतूस पुन्हा भरणं जगात जवळजवळ कुठेच चालत नाही, कारण ठिणगीचा मसाला केसच्या कडेच्या आत असतो आणि पिन ती कड चेपते. एकदा चेपली की केस भंगारात. तेव्हा गोळी निवडायचा प्रश्न संपला? नाही, तो फक्त नाव बदलतो. इथे त्याला 'लॉट' म्हणतात, म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेला माल.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "असली रायफल केवढ्याची?" गोळी कितीची हे कुणी विचारलं नाही. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. एवढ्याशा जागेत एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस एका नळीतून गुच्छ करतं आणि दुसऱ्या नळीतून पसरतं. घरात टाइल्स लावल्या असतील तर हे नवीन नाही. मॉडेल तेच, रंग तोच, पण बॅच बदलली की भिंतीवर दोन छटा दिसतात. म्हणून मोठे नेमबाज कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, एलीच्या इंग्लंडमध्ये, लापुआ किंवा आरडब्ल्यूएसच्या जर्मनीत. रायफल शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट मारतात, आणि त्यांच्या नळीला जो आवडला त्याची पेटीच्या पेटी विकत घेतात. इथे गोळी नळीच निवडते, तीही डोळ्यांसमोर.

मॅचचं .२२ मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवतात, सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर. ध्वनीची भिंत ओलांडताना गोळीला जो हिसका बसतो तो टाळायला. २० अंशांना आवाज ३४३ मीटरनं जातो, मुंबईच्या ३३ अंशांना ३५१ नं. म्हणजे आपला उकाडा इथे थोडी मदतच करतो. आणि दमट हवा 'जड' असते हा समज काढून टाका. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे जुलैची चिकट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेहून किंचित विरळच. चिकट आपल्याला होतं, गोळीला नाही. मात्र मे महिन्यात काडतुसांची पेटी बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. तापलेली दारू जास्त जोरात जळते.

भाच्याला हे सगळं ऐकून एकच हवं होतं: "मग मी कुठले पेलेट घेऊ?" दहा मीटरचे पेलेट पुढून सपाट असतात, कागदात स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे शंभरांशानं बदलतात, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मी म्हटलं, चार डब्या आण, रायफल टेकवून मार, प्रत्येकीचे पाच-पाच शॉटचे दहा ग्रुप. त्याला दहा फार वाटले. व्हिडिओत तीन शॉटच्या एका ग्रुपवर लोक निकाल लावतात. पण ग्रुप मोजताना आपण पाचातल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतो, बाकी तीन शॉट फुकट जातात. एकच पेलेट आज सुंदर ग्रुप देईल, उद्या दीडपट. दोन फासे टाकून बारा आले म्हणून तो फासा चांगला म्हणायचं का?

वजनकाट्यावर एकेक पेलेट तोलून वेगळे करायचा बेत मात्र मी मोडून काढला. चांगल्या डबीत तो खटाटोप फळत नाही, त्या वेळात ट्रिगरचा सराव करावा. डोकं वाकलेला, दबलेला पेलेट बाजूला काढायचा, बस. आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. रेंजवर हे रोज दिसतं आणि रोज अंगावर काटा येतो.

तीन रविवार गेले. पहिल्या दोन डब्यांत फरक नव्हता, महागडी त्यातली एक होती. तिसरी उघडच वाईट. चौथीचे ग्रुप सातत्यानं लहान, दहाच्या दहा. पोरगा खूश, लगेच दुकानात गेला, आणि अर्ध्या तासात तिथूनच फोन.

"मामा, नाव तेच, साइज तीच. पण डबीवर लॉट नंबर वेगळा आहे."

"किती डब्या आहेत त्या लॉटच्या त्यांच्याकडे?"

"नऊ."

"एक घे. बाकीच्या आठ पुढच्या रविवारपर्यंत बाजूला ठेवायला सांग. आणि येताना टारगेटची कार्डं घेऊन ये, घरातली संपली."